रेल्वे की वाहिनी हे नंतर. आधी आम्हाला विचारा
कोकणातल्या तेलवाहतुकीचे निर्णय घेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कोकणातून तेल कसे न्यायचे हे ठरवणारे केंद्र व राज्य सरकारमधील अधिकारी
आणि रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग जिल्ह्यांचे लोकप्रतिनिधी यांस,

स.न.वि.वि.

अलीकडे आमच्या तालुक्याच्या ठिकाणी झालेल्या एका बैठकीत आम्हा बागायतदारांना एक प्रश्न विचारला गेला. कच्चे तेल कोकणातून न्यायची वेळ आलीच, तर तुमची पसंती कशाला, रेल्वेला की जमिनीखालच्या वाहिनीला? किती तेल, कुठून कुठे, कोणासाठी, यातले काहीच सांगितले नव्हते. दोघातिघांनी वाहिनी म्हटले, एकाने रेल्वे म्हटले. मग हजेरीचा कागद फिरला आणि सह्या झाल्या. कागदाच्या वरच्या बाजूला चार ओळींचा मजकूर होता, पण तो वाचून दाखवला गेला नाही. उद्या त्याच सह्यांच्या जोरावर ‘स्थानिकांशी चर्चा झाली’ असे कुठल्या तरी फायलीत लिहिले जाईल अशी भीती वाटते. म्हणून हे पत्र मी सगळ्यांच्या देखत लिहीत आहे.

मी लांजा तालुक्यातली. घरची हापूसची कलमे आहेत, थोडी काजू आहे, पावसाळ्यात खाचरात भात होते. बागेच्या वरच्या अंगाने कोकण रेल्वे जाते. रेल्वेसाठी जमीन मागायला लोक आले तेव्हा माझ्या सासऱ्यांनी नाही म्हटले नाही. एसटीच्या मागच्या बाकावर रात्रभर उलट्या करत येणारे मुंबईकर त्यांनी पाहिले होते. जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला आणि आमच्याकडे पेशंट मुंबईला नेणे, मुलांनी शिकायला बाहेर जाणे सोपे झाले. तेव्हा आम्हाला कोणी विकासविरोधी म्हणू नये. आम्ही एकदा जमीन दिलेली आहे, आणि काय मिळाले, काय गेले याचा हिशेबही आमच्याकडे आहे.

रेल्वे की वाहिनी हा वाद मुळात उत्तर अमेरिकेतला आहे. तिथे तो दहा-बारा वर्षे जोरात चालला आणि त्यातली दोन गावांची नावे इथल्या प्रत्येक अधिकाऱ्याला पाठ असायला हवीत.

पहिले लाक-मेगाँटिक, कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातले. ५ जुलै २०१३ च्या रात्री कच्च्या तेलाच्या ७२ टँकरांची गाडी गावापासून सुमारे ११ किलोमीटरवर, उतारावरच्या रुळावर उभी करून चालक झोपायला गेला. इंजिनाला आग लागली. ती विझवताना इंजिन बंद केले गेले, त्यामुळे हवेच्या ब्रेकांचा दाब उतरत गेला आणि हाताने आवळायचे ब्रेक पुरेसे आवळलेले नव्हते. मध्यरात्र उलटल्यावर गाडी आपोआप उतारावरून सुटली आणि गावाच्या ऐन मध्यभागी रुळावरून घसरली. ४७ माणसे गेली. गावाचा मधला भाग जळून गेला. आत जे तेल होते ते कागदोपत्री दाखवले होते त्यापेक्षा जास्त ज्वालाग्राही निघाले.

दुसरे मार्शल, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातले. २५ जुलै २०१० रोजी तिथली तेलवाहिनी फुटली. नियंत्रण कक्षात धोक्याच्या घंटा वाजल्या, पण वाहिनीत पोकळी झाली असेल असे समजून त्यांनी पंप पुन्हा सुरू केले, एकदा नव्हे, दोनदा. १७ तास तेल वाहत राहिले आणि कळले तेही बाहेरच्या एका माणसाने कळवले म्हणून. तीस लाख लिटरहून जास्त जड तेल ओढ्यातून कालामाझू नदीत गेले. ते नुसते तरंगले नाही, बरेचसे तळाशी बसले. साफसफाईला कित्येक वर्षे आणि १ अब्ज डॉलरहून अधिक खर्च लागला.

या दोन घटनांवरून जाणकार जे सांगतात ते थोडक्यात असे. रेल्वेने नेले तर अपघात वारंवार होतात आणि ते वस्तीत होतात, कारण रूळच गावांमधून जातात. वाहिनीने नेले तर अपघात कमी वेळा होतात, पण झाला की एकेका वेळी खूप तेल जमिनीत आणि पाण्यात जाते, आणि ते उशिरा कळते. हे मला पटते. पण हा ताळा सपाट मुलखातला आहे. तो कोकणाला तसाच्या तसा लावता येणार नाही, आणि बैठकीत नेमके तेच केले गेले.

आधी रुळाचे बोलते, कारण तो माझ्या डोळ्यांसमोर आहे.

कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा तुकडा सोडला तर जवळजवळ सगळा मार्ग एकेरी आहे. त्याच एका रुळावरून एक्स्प्रेस, पॅसेंजर, मालगाड्या, ट्रक वाहून नेणारी रो-रो, आणि गणपतीत जादा गाड्या धावतात. आता हिशेब करा. टँकर वाघिणींच्या एका रेकमध्ये, म्हणजे एका अख्ख्या मालगाडीत, सुमारे ५० वाघिणी असतात आणि ढोबळमानाने अडीच ते पावणेतीन हजार टन माल मावतो. वर्षाला १ कोटी टन तेल न्यायचे म्हटले तर रोज दहा भरलेले रेक जायला हवेत आणि दहा रिकामे परत यायला हवेत. म्हणजे रोज वीस गाड्या वाढल्या. राजापूर तालुक्यातल्या नाणारला सांगितलेली रिफायनरी वर्षाला ६ कोटी टनांची होती. त्या प्रकल्पात तेल जहाजाने यायचे होते हे मला माहीत आहे. मी फक्त आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगते. एकेरी मार्गावर क्रॉसिंग असते. एक्स्प्रेसला वाट द्यायला मालगाडी छोट्या स्टेशनच्या बाजूच्या लाइनवर तासन् तास उभी असते. आमच्या स्टेशनात ती उभी राहते तेव्हा वाडीतल्या बायका डोक्यावर पाटी घेऊन तिला वळसा घालून पलीकडे जातात. आपल्याकडे स्टेशनची लाइन उतारावर ठेवत नाहीत आणि कॅनडासारखी गाडी सोडून कोणी झोपायला जात नाही, हे खरे. तरी तेलाने भरलेल्या पन्नास वाघिणी घरांपासून हाकेच्या अंतरावर रोज उभ्या राहणार असतील, तर ते त्या घरांना आधी सांगायला नको का?

त्यात आमचा पाऊस. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर हॉलिडे स्पेशल गाडी आदळली आणि पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. पुढच्याच वर्षी जूनमध्ये महाडजवळ करंजाडीला मत्स्यगंधा एक्स्प्रेस अशाच दरडीने घसरली. त्यानंतर रेल्वेने डोंगरकड्यांवर जाळ्या मारल्या, धोक्याचे कडे उतरते केले, पावसाळी वेळापत्रक आणले. मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले की वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायची सूचना असते. रात्री दोन वाजता छत्री आणि बॅटरी घेऊन रुळावरून चालत जाणारा गस्तवाला मी खिडकीतून पाहते. या माणसांनी मोठे काम केले आहे आणि त्याचा उपयोग झाला आहे. तरीही जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला बोगद्याच्या तोंडावर दरड आली आणि सगळी वाहतूक ठप्प झाली. प्रवासी गाडी अडकली तर माणसांना एसटीने पुढे नेता येते. अडीच हजार टन कच्चे तेल घेतलेली गाडी घसरली तर ते कशात भरून, कुठल्या रस्त्याने नेणार?

बोगद्यांबद्दल तर बैठकीत एक शब्द निघाला नाही. या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. २० डिसेंबर १९८४ रोजी इंग्लंडमध्ये समिट नावाच्या बोगद्यात पेट्रोलच्या १३ टँकरांची गाडी घसरली. तो बोगदा करबुड्याच्या निम्म्याहूनही लहान, सुमारे २.६ किलोमीटरचा. आग इतकी भडकली की डोंगरातल्या हवेच्या झरोक्यांमधून ज्वाळा आभाळात उठल्या. गाडीवरची माणसे पळून वाचली आणि कोणाचा जीव गेला नाही, हे नशीब. बोगदा पुन्हा सुरू व्हायला पुढच्या वर्षीचा ऑगस्ट उजाडला. त्या देशाची अग्निशमन व्यवस्था आमच्या तालुक्यांपेक्षा किती पुढे आहे ते सांगायला नको. इथे एकेरी मार्गावरचा एक बोगदा आठ महिने बंद पडला तर अख्ख्या कोकणची रेल्वे तितके महिने बंद.

म्हणजे मग वाहिनी बरी, असे तुम्ही म्हणाल. बैठकीतही रोख तोच होता. रुळाशी तुलना केली तर माणसांच्या जिवाला वाहिनीचा धोका कमी, हे मी आधीच मान्य केले आहे. पण वाहिनी आमच्याकडे कशातून जाणार ते पाहा.

आमचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्याचे पठार, वरून नुसता काळा कातळ दिसतो. खाली जांभा असतो, भोकाभोकांचा. पाऊस त्यातून मुरतो, खालच्या चिकण थराला अडतो आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर येतो. आमच्या वाडीचे पिण्याचे पाणी तेच आहे. झऱ्याला दगडी पन्हळ बसवलेली आहे. श्रावणात ती मनगटाएवढी वाहते आणि मे महिन्यात धार करंगळीएवढी होते, तेव्हा एक हंडा भरायला अर्धा तास लागतो. पाणी सड्यावर कुठे मुरते आणि कुठल्या झऱ्याला येते, हे गावातल्या दोनचार म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. कागदावर ते कुठेच नाही. त्या सड्यात चर खणून वाहिनी टाकली आणि तिचा एक सांधा झिरपू लागला, तर तेल प्रथम दिसेल ते आमच्या हंड्यात.

नियंत्रण कक्षात बसून गळती कळते असे आम्हाला सांगितले. एका टोकाला किती तेल घातले, दुसऱ्या टोकाला किती निघाले, दाब कुठे पडला, यावरून ती काढतात. मोठी फूट त्यात कळते. पण वाहत्या तेलाच्या साधारण १ टक्क्याहून कमी असलेली गळती अशा हिशेबातून पकडणे अवघड असते. वर्षाला १ कोटी टन वाहणाऱ्या वाहिनीत १ टक्का म्हणजे रोज अडीचशे टनांहून जास्त. वाहिनीत यंत्र सोडून तिची जाडी तपासतात, ते चांगले आहे, पण ते रोज होत नाही.

आणि वाहिनी फुटणे ही आम्हाला परक्या देशाची गोष्ट नाही. मे १९९३ मध्ये समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्रावरून उरणकडे येणारी समुद्राखालची वाहिनी फुटली. हजारो टन कच्चे तेल अरबी समुद्रात गेले आणि तवंग मुरूडच्या किनाऱ्यापर्यंत आला. दर पावसाळ्याच्या तोंडाला कोकणच्या पुळणींवर डांबराचे गोळे लागतात, ते आमची पोरे पायाला खोबरेल चोळून काढतात. किनाऱ्यावरच्या माणसाला तेलाचा वास ओळखीचा आहे. खाडीत ओहोटीला कालवे आणि तिसऱ्या ही शिंपली काढणाऱ्या बायकांना कोणी विचारत नाही, कारण त्यांच्या नावावर जमीन नाही. तेल खाडीत गेले तर पहिली मजुरी त्यांचीच बुडेल, आणि भरपाईच्या यादीत त्या नसतील.

आता कायद्याचे. हा भाग मी वेळ घालवून समजून घेतला आणि समजल्यावर रात्री झोप लागली नाही.

वाहिनीसाठी १९६२ चा कायदा आहे. त्यात जमीन विकत घेत नाहीत, फक्त ‘वापराचा हक्क’ घेतात. सातबारा तुमच्या नावावर राहतो, पण त्या पट्ट्यात घर बांधायचे नाही, विहीर किंवा तळे खणायचे नाही आणि झाड लावायचे नाही. या हक्काची भरपाई बाजारभावाच्या १० टक्के, शिवाय झालेल्या नुकसानीचे वेगळे. जिथे गहू-ज्वारी होते तिथे वाहिनी पुरून वर पुन्हा पेरता येते. आमच्याकडे पीक म्हणजे झाड. कलम लावून खऱ्या उत्पन्नाला यायला दहा-बारा वर्षे जातात आणि पुढे दोन पिढ्या ते फळ देते. झाड लावायचे नाही म्हणजे ती जमीन बागायतदाराच्या हातातून गेलीच.

हरकत घ्यायला अधिसूचनेनंतर २१ दिवस. कोकणातला सातबारा ज्याने पाहिला आहे त्याला मी काय म्हणते ते कळेल. आजोबा-पणजोबांपासूनची नावे, मेलेल्यांची, मुंबईत गेलेल्यांची, लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणींची. निम्मे हिस्सेदार डोंबिवली-विरारला, त्यांना गणपती आणि शिमग्याला गाव दिसतो. दिल्लीच्या राजपत्रात काय छापले ते त्यांना २१ दिवसांत कळणार कसे आणि ते एकत्र येऊन हरकत लिहिणार कधी?

सगळ्यात खटकते ते पुढे आहे. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार तेलवाहिनी राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, प्रवाळ किंवा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रातून जात असेल तरच तिला पूर्वमंजुरी लागते. रेल्वेमार्ग तर त्या यादीतच नाहीत. पश्चिम घाटाचे संवेदनशील क्षेत्र कोणते, याचा पहिला मसुदा मार्च २०१४ मध्ये निघाला आणि जुलै २०२४ मध्ये सहावा. मसुद्यावर मसुदे येत राहतात तोवर कोणती गावे आत आणि कोणती बाहेर हे लोंबकळत राहते. याचा अर्थ असा की रेल्वे म्हणा किंवा वाहिनी म्हणा, आमच्या गावात जनसुनावणी होईलच याची खात्री दोन्ही वाटांवर नाही. मग आम्हाला पसंती विचारण्यात अर्थ काय होता?

विरोध करणाऱ्यांबद्दल त्या बैठकीत जे बोलले गेले त्याचेही उत्तर देते. ‘अमेरिकेत पर्यावरणवाल्यांनी वाहिन्या अडवल्या म्हणून तेल रुळावर आले आणि माणसे मेली’ असे सांगण्यात आले. त्यात अर्धेच खरे आहे. तेल रुळावर आले ते मुख्यतः नव्या विहिरींतून उत्पादन झपाट्याने वाढले आणि तिथे वाहिन्या पोचलेल्याच नव्हत्या म्हणून. रेल्वेने जाणारे तेल २०१४ च्या सुमाराला शिखराला गेले आणि मग भाव कोसळले, नव्या वाहिन्या झाल्या, तसे ते उतरले. कॅनडाचे तेल अमेरिकेत आणायच्या ज्या कीस्टोन एक्सएल वाहिनीवरून सर्वाधिक भांडण झाले ती तर शेवटी झालीच नाही. २०२१ मध्ये कंपनीने ती सोडून दिली. तिथल्या लोकांनी वाहिनीला विरोध केला आणि तेलगाड्यांनाही केला. त्यांचा मुख्य प्रश्न ‘कशाने नेता’ हा नव्हताच, ‘इतके न्यायचे का’ हा होता. तो प्रश्न विचारणे हा गुन्हा नाही. नाणारची जमीन अधिसूचना मार्च २०१९ मध्ये रद्द झाली ती लोकांनी तो प्रश्न लावून धरला म्हणूनच. बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठीच्या सर्वेक्षणाविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये बायका उन्हात आडव्या झाल्या त्याही तोच प्रश्न घेऊन. ज्या सड्यावर युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेली कातळशिल्पे आहेत, त्या सड्याला तुमच्या कागदात ‘पडीक’ म्हणतात.

तुम्हीही पेट्रोल वापरता, असे आम्हाला ऐकवले जाते. वापरतो. आंब्याच्या पेट्या डिझेलच्या ट्रकनेच वाशीला जातात. वापरणाऱ्याला विचारायचा हक्क नसतो, असा कायदा मात्र मला कुठे सापडला नाही.

मागण्या सरळ आहेत.

त्या बैठकीतल्या सह्या संमती म्हणून धरू नयेत. बैठकीचे इतिवृत्त मराठीत प्रसिद्ध करावे.

रेल्वे की वाहिनी हे विचारण्याआधी किती तेल, कोणत्या प्रकारचे, कुठून कुठे आणि कशासाठी, हे लेखी सांगावे. जड तेल पाण्यात बसते, हलके तेल पेट घेते. प्रकार कळल्याशिवाय धोका कळत नाही.

कायदा सक्ती करो वा न करो, मार्गातल्या प्रत्येक तालुक्यात जनसुनावणी घ्यावी. संपूर्ण अहवाल मराठीत द्यावा, नुसता सारांश नको. तारीख आंब्याच्या हंगामात आणि लावणीच्या दिवसांत ठेवू नये. हरकतींना २१ ऐवजी ९० दिवस द्यावेत आणि चाकरमान्यांसाठी एक सुनावणी मुंबईत घ्यावी.

रेल्वेने न्यायचेच ठरले तर मार्ग दुहेरी होईपर्यंत पावसाळ्यात एकही तेलाचा रेक या मार्गावर नको, आणि प्रवासी स्टेशनात भरलेला रेक उभा करणे कधीच नको. लांब बोगद्यांसाठी आग विझवण्याची व्यवस्था आधी उभी करा, नंतर गाडी सोडा.

वाहिनीने न्यायचे ठरले तर गावकऱ्यांना सोबत घेऊन आधी झऱ्यांचे आणि सड्यावरच्या मुरणाऱ्या पाण्याचे नकाशे करा आणि वाहिनी त्यांच्या बाहेरून न्या. प्रत्येक नदीच्या दोन्ही काठांवर बंद करायच्या झडपा हव्यात. भरपाई झाडाच्या उरलेल्या आयुष्याच्या उत्पन्नावर धरा, आणि खाडीत कालवे-तिसऱ्या काढणाऱ्या बायकांची नोंद आतापासून करा.

शेवटची मागणी तातडीची आहे, कारण तिला कुठल्याही नव्या प्रकल्पाची वाट पाहायला नको. सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्या अंजणारी पुलावरून एलपीजीचा टँकर काजळी नदीत कोसळला. चालक गेला, गॅस गळू लागला आणि मुंबई-गोवा महामार्ग बंद करावा लागला. तो एकच टँकर होता. रोज त्याच रस्त्याने आजही टँकर जातात. प्रत्येक तालुक्यात फोमचा बंब कुठे आहे, नदीत तवंग अडवायचे तरंगते अडसर कुठे ठेवले आहेत आणि रात्री दोनला फोन कोणी उचलायचा, हे तीन महिन्यांच्या आत ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावा, आणि पावसाळ्याआधी एकदा गावकऱ्यांसमोर रंगीत तालीम घ्या.

कळावे,

लांजा तालुक्यातील एक बागायतदार